‘सहा महिन्यांत सगळे रुळतात’ म्हणे

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या मुलींकडून माझ्याकडे आलाय. लग्न होऊन परदेशात आले, नवरा चांगला आहे, कशाची कमी नाही, तरी रोज रडू येतं, मग माझं लग्न चुकलंय का? ह्याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून एक केस सांगते. दोघांनी लिहायला परवानगी दिलीय आणि ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय. कुठला देश, कुठलं शहर तेही लिहीत नाही, कारण हे कुठेही असंच घडतं.

समुपदेशनाचं ऑनलाइन सेशन होतं. कॅमेरा सुरू झाला तर मागे बाथरूमच्या टाइल्स. नवरा बाहेरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ही दार लावून आत बसलेली. पहिलं वाक्य काय तर, "मॅडम, मी सुखी आहे हां, म्हणजे तसं दुःख काहीच नाहीये." आणि मग जवळजवळ वीस मिनिटं नुसतं रडणं. मी मध्ये बोलले नाही. रडून झाल्यावर तिनेच एक गोष्ट सांगितली जी मी अजून विसरलेले नाही, की तिकडे घरी दिवसभर कोण ना कोण हाक मारायचं, कोणी लाडाच्या नावाने, कोणी ओरडून, आणि "इथे माझं नाव एकच माणूस घेतो मॅडम, ते पण चार्जर सापडत नसेल तेव्हा."

येऊन आठ महिने झाले होते. आधी नोकरी करायची, चांगली टीम होती, आता डिपेंडंट व्हिसावर, कामाची परवानगी नाही. कुठल्याशा फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला तेव्हा पेन तिथेच थांबलं म्हणाली. पैसे हवे असले की नवऱ्याला सांगायचं, तो कधीच नाही म्हणत नाही, पण सांगायला लागतं हेच तिला टोचत होतं. आणि रोज तीन-चार तास घरी व्हिडिओ कॉल. बोलायचं असं काही नाही, फोन तिकडे टेबलावर उभा करून ठेवलेला आणि ही इथून त्या घराचे आवाज ऐकत बसायची. त्यामुळे झोप त्यांच्या घड्याळाने, जाग त्यांच्या घड्याळाने, नवरा सकाळी कामाला बसायचा तेव्हा ही झोपलेली.

नवऱ्याची बाजू पण ऐका, कारण तो वाईट माणूस अजिबात नाहीये. चार वर्षं आधी एकटा आलेला. बायको म्हणाली "घरची आठवण येते" की हा लगेच कामाला लागायचा. तिकिटं बघू का, जिम लाव, एखादा कोर्स कर, बाहेर जाऊ या का. आणि ह्यातलं काहीच चाललं नाही की मग वैतागून, "मी आलो तेव्हा मला कोण होतं इथे? सहा महिन्यांत सगळे रुळतात, मी वाचलंय."

त्याने वाचलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं, फक्त उलटं लक्षात राहिलं होतं. १९५५ साली लिसगार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत शिकायला, संशोधनाला जाऊन आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात सहा महिन्यांच्या आत परतलेले बऱ्यापैकी ठीक होते, अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलेही ठीक होते, आणि सहा ते अठरा महिन्यांच्या मधले जे होते त्यांनाच सगळ्यात जड गेलं होतं. म्हणजे त्या हिशोबाने ही बाई आठव्या महिन्यात रडत होती ते वेळेवरच होतं! आणि नंतरच्या अभ्यासांत तर असं दिसलं की हा आधी ठीक, मग जड, मग परत ठीक असा आलेख सगळ्यांना लागू पडतच नाही, काहींना पहिला आठवडाच सगळ्यात वाईट जातो. एका सेशनला तोही आला होता, त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला आणि ती पहिल्यांदा हसली. कारण आठ महिने ती स्वतःला नापास समजत होती.

मग त्याने विचारलं, हे मेडिकली खरंच काही असतं का? म्हटलं, अरे, एकेकाळी हा रीतसर आजार मानला जायचा. १६८८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात योहानेस होफर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने ह्यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि 'घरी परतणं' आणि 'वेदना' ह्या दोन ग्रीक शब्दांपासून नॉस्टॅल्जिया हा शब्द बनवला. आज आपण तो जुन्या गोड आठवणींना लावतो, पण मुळात ते दुखण्याचं नाव होतं, आणि त्यावरचा खरा उपाय म्हणजे माणसाला घरी पाठवणं असं होफरचं म्हणणं होतं.

पण घरी ती जाऊन आली होती. सहाव्या महिन्यात, तीन आठवडे. आणि दहाव्या दिवशी आईच सहज बोलून गेली, "तुमच्याकडे आता थंडी असेल ना?" तुमच्याकडे! तिथून पुढचे दिवस ती माहेरीही पाहुण्यासारखी वावरली. पॉलीन बॉस ह्या अमेरिकन अभ्यासकाने अशा दुःखाला फार नेमकं नाव दिलंय, 'ॲम्बिग्युअस लॉस', ज्याला आपण मराठीत धूसर विरह म्हणू शकू. माणसं आहेत, जिवंत आहेत, रोज फोनवर दिसतात, आणि तरीही नाहीत. कोणी गेलेलं नसतं म्हणून कोणी सांत्वनाला येत नाही, आणि रडणाऱ्यालाच अपराधी वाटतं की मी कशासाठी रडतेय.

आता मुख्य काम. मी तिला एक कागद घ्यायला लावला, मधोमध रेघ. डावीकडे घराची आठवण, उजवीकडे नवऱ्याबद्दलची तक्रार. आठवडाभर जे जे टोचेल ते त्या त्या बाजूला लिही म्हटलं. सतरा गोष्टी निघाल्या, त्यातल्या फक्त चार उजवीकडे. पैसे मागावे लागतात. घराबद्दलचे निर्णय तो एकटाच घेऊन टाकतो. मी बोलायला लागले की उपाय सांगतो. आणि जेवताना, झोपताना कायम फोन जवळ, आवाज फुल्ल.

माझं ठाम मत आहे की परदेशातल्या नवराबायकोंचं निम्मं भांडण हा कागद न केल्यामुळे होतं. ती घरासाठी रडते आणि त्याला ऐकू येतं की तू मला सुखात ठेवलं नाहीस. मग तो स्वतःचा बचाव करतो, ज्या तेरा गोष्टी त्याच्या हातात नाहीतच त्यांच्यासाठी, आणि ज्या चार खरंच त्याच्या हातात आहेत त्या ह्या गदारोळात कोणी बोलतच नाही. त्या चार गोष्टींना "तुला घरची आठवण येतेय म्हणून असं वाटतं" असं म्हणून झाकणं हाही अन्यायच आहे. त्या बदलायला हव्यात म्हणजे हव्यातच.

पुढच्या सेशनला दोघं शेजारी बसले. कागद वाचला. पैशांचं पाच मिनिटांत मिटलं, जॉइंट अकाउंट आणि तिच्या नावाचं कार्ड, त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं कधी. निर्णयांवर थोडी चकमक झाली. मग फोनची ओळ आली आणि मी त्याला सहज विचारलं, रात्री आवाज बंद का नाही करत, ऑफिसचा फोन येतो का? तो म्हणाला नाही. बराच वेळ काहीच नाही. आणि मग, "चार वर्षं झाली, रात्री फोन वाजला तर बाबांचं काही तरी झालंय हीच भीती असते. सायलेंटवर ठेवला आणि कळलंच नाही तर?" हे तिला माहीत नव्हतं. एका घरात, एका पलंगावर झोपणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. ती ज्याला ऑफिसचं वेड समजून भांडत होती ती त्याची घराची आठवणच होती, फक्त तो रडत नव्हता एवढंच. तिने पेन घेतलं, ती ओळ उजवीकडून खोडली आणि डावीकडे लिहिली.

त्यानंतरचं काम साधंच होतं आणि कंटाळवाणंही. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं चालायला जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने उपाय सांगायचा नाही, फार तर "अजून सांग" म्हणायचं. त्याला हे सुरुवातीला फार जड गेलं. घरचे कॉल मी बंद करायला सांगितले नाहीत, तसं कोणी सांगितलं तर ऐकूही नका, फक्त उघडा ठेवलेला कॉल बंद करून ठरलेल्या वेळी मन लावून बोलायचं असं केलं, म्हणजे झोप आपोआप इथल्या घड्याळावर यायला लागली. आणि "मैत्रिणी कर" असलं काही सांगितलं नाही, मैत्रिणी काय ठरवून मिळतात? आठवड्यातून दोनदा त्याच लायब्ररीत, त्याच वेळी जाऊन बस एवढंच. सातव्या-आठव्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी तिला नावाने हाक मारली, उच्चार पूर्ण चुकीचा, पण हाक मारली. त्या दिवशी मला मेसेज आला होता.

वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी मात्र वेगळ्या सांगते. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, घरच्यांशी बोलूनही काही वाटेनासं झालं असेल तर हे नैराश्य असू शकतं, डॉक्टरांना दाखवा, आणि जगू नये असा विचार मनात आला तर दोन आठवडे कसले, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. आणि दुसरं, नवऱ्याने पासपोर्ट स्वतःकडे ठेवलाय, फोन तपासतो, घरी बोलू देत नाही, हात उचलतो, तर ती घराची आठवण नाही, तो छळ आहे. तिथे कागदावर रेघ मारायची नाही. तिथला इमर्जन्सी नंबर आणि आपल्या वकिलातीचा नंबर पाठ करून ठेवा आणि घराबाहेरच्या एका तरी माणसाला खरं सांगा.

आमचं शेवटचं सेशन झालं तेव्हा तिला तिथे दीड वर्ष होत आलं होतं. रविवारी दुपारी अजून रडू येतं म्हणाली. तो फोन आता बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असतो, रात्री फक्त चार नंबर वाजतील अशी सेटिंग केलीय, दोन त्याच्या आईबाबांचे आणि दोन तिच्या. आणि ह्या वेळी ती बाथरूममध्ये नव्हती, हॉलमध्ये बसून बोलत होती, मागून तो जाता-येता दिसत होता.