‘हल्ली कोणालाच कामाची चाड नाही’

ऑफिसची तक्रार घेऊन समुपदेशकाकडे सहसा कोणी येत नाही. माणसं येतात ती झोप उडाली म्हणून, घरात सारखे खटके उडतात म्हणून, छातीत धडधडतं पण तपासण्या सगळ्या नीट आल्यात म्हणून. ऑफिस नंतर निघतं. समोरची व्यक्ती पन्नाशीच्या आसपासची आणि हाताखाली माणसं असलेली असेल, तर बहुतेकदा एकाच वाक्यात निघतं: हल्ली कोणालाच कामाची चाड राहिलेली नाही.

असेच एक गृहस्थ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि दोघातिघांचे अनुभव एकात गुंफले आहेत.) वय 54, एकाच कंपनीत सगळी नोकरी, आता वसुली विभागाचे प्रमुख, हाताखाली नऊ जण. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोक्यात कामं फिरत राहतात, ही त्यांची मूळ तक्रार. पण बोलायला लागले ते विभागाबद्दलच.

“मॅडम, सहा वाजले की खुर्च्या रिकाम्या. काही चुकलं की ‘मला कोणी सांगितलंच नव्हतं’. नुसत्या पाट्या टाकतात पोरं. शेवटी सगळं माझ्याच अंगावर येतं. आम्ही असे नव्हतो हो.”

अशा वेळी संशोधनाचे दाखले काढून समोरच्याला खोडून काढण्याचा मोह होतो. मी तो टाळते. वैतागलेल्या माणसाला आकडे दाखवले की त्याला ‘तुमचंच चुकतंय’ एवढंच ऐकू येतं. वाचकांना मात्र ते आधीच सांगून टाकते, कारण ‘लोक खरंच असे झालेत का?’ हा प्रश्न मला खूप जण विचारतात.

2023 साली मास्ट्रोयानी आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. किमान 60 देशांतली, साधारण 70 वर्षांत झालेली सर्वेक्षणं त्यांनी तपासली. माणसांची नीतिमत्ता ढासळत चालली आहे असं लोक दरवेळी सांगत आले आहेत. पण आपल्या भोवतालची माणसं आज कशी वागतात, असं विचारलं की मिळणारी उत्तरं इतक्या वर्षांत फारशी बिघडलेली नाहीत. यामागे दोन कारणं असावीत, असं ते म्हणतात. वाईट बातमीकडे आपलं लक्ष पटकन जातं. आणि जुन्या आठवणींतला कडवटपणा गोडव्यापेक्षा लवकर विरतो. हा अभ्यास कामाच्या वृत्तीपुरता नव्हता. त्या वृत्तीबद्दल 2017 मध्ये झेबल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले 77 अभ्यास एकत्र करून पाहिले. श्रमनिष्ठेत पिढ्यापिढ्यांमध्ये फरक आढळला नाही.

पण काहीच बदललेलं नाही, असंही म्हणता येत नाही. त्याच देशातल्या शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची 1976, 1991 आणि 2006 मधली उत्तरं ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी ताडून पाहिली. नंतरच्या मुलांना मोकळा वेळ जास्त मोलाचा वाटत होता, आणि आयुष्याच्या मध्यभागी नोकरी असावी असं कमी वाटत होतं. मला हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. नोकरीभोवती सगळं आयुष्य फिरवायला नकार देणं वेगळं आणि हातातलं काम अर्धवट टाकणं वेगळं. आमचे हे गृहस्थ मात्र दोन्हींना एकाच मापाने मोजत होते. ते कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. ‘कोणी जबाबदारी घेत नाही’ असं वाटून ज्या ज्या वेळी राग येईल, त्या त्या वेळी लिहायचं: काम काय होतं, कोणाला सांगितलं, नेमक्या कोणत्या शब्दांत, कधीपर्यंत हवं होतं, आणि शेवटी ते कोणी केलं. मत लिहायचं नाही, फक्त घडलेलं. हिशेबी माणूस, त्यामुळे वही त्यांनी चोख ठेवली. रकाने आखून, तारीख-वार टाकून.

ती वाचताना पहिली गोष्ट दिसली ती अशी, की ‘कोणाला सांगितलं’ या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर होतं: ग्रुपवर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर संदेश जायचा, ‘थकबाकीची यादी अपडेट झालेली दिसत नाही, कृपया बघून घ्यावे.’ नऊ जणांचे अंगठे उमटायचे. यादी तशीच. रात्री दहाला साहेब ती स्वतः पूर्ण करायचे आणि पहाटे तीनला जागे व्हायचे.

सात सुगरणी आणि भाजी अळणी, दुसरं काय! याचा अभ्यास फार जुना आहे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने ओढण्या-ढकलण्याच्या कामात माणसांचं बळ मोजलं होतं, ते 1913 मध्ये प्रसिद्ध झालं. आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याचं बळ एकट्याने लावलेल्या बळाच्या जवळपास निम्म्यावर आलं होतं. काही ताकद एकमेकांशी मेळ न बसल्यामुळे वाया जाते, हे खरं. पण 1979 मध्ये बिब लताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना डोळे बांधून, कानांवर हेडफोन लावून ओरडायला सांगितलं. सोबत आणखी माणसं ओरडत आहेत अशी नुसती समजूत असली, तरी आवाज खाली यायचा. पुढच्या प्रयोगांत, प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं सांगितल्यावर ही घट गेली. म्हणजे अंगठा उमटवणारे नऊही जण कामचुकार असायची गरज नाही. त्यांच्यातल्या कोणाचंच नाव त्या कामावर नव्हतं.

हे त्यांना पटलं. इतकं चटकन पटलं की मला शंका आली. पद्धतीतली चूक कबूल करणं सोपं असतं. आपण खरे ज्याच्यावर चिडलोय ते नाव बाजूला राहतं.

वहीत दुसरी एक नोंद होती. विभागात दोन वर्षांपूर्वी लागलेला एक मुलगा. ‘प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारायला येतो, स्वतः निर्णय घेत नाही.’ पहिल्यापासून असाच आहे का, मी विचारलं. नाही, सुरुवातीला बरा होता. मग? खोदून विचारल्यावर कळलं, की एका मोठ्या ग्राहकाच्या कागदपत्रांत विसंगती दिसली म्हणून या मुलाने त्याची सवलत रोखली होती. नियमाप्रमाणे बरोबर होतं. ग्राहकाने वरपर्यंत तक्रार केली, वरून फोन आला, आणि साहेबांनी सगळ्या विभागासमोर तो निर्णय फिरवला. वर म्हणाले, “तुला कोणी सांगितलं होतं शहाणपणा करायला?”

तेव्हापासून तो विचारून करतो.

नोकरीतल्या तरुणांशी माझं बोलणं होतं, तेव्हा ही बाजू वारंवार ऐकू येते. एकीने सांगितलं होतं, “एकदा आपणहून काही केलं की ते कायमचं आपल्याच गळ्यात पडतं, आणि चुकलं तर खापरही आपल्याच डोक्यावर. मग कशाला?” यात आळस मला दिसत नाही. हिशेब दिसतो, आणि तो फारसा चुकीचाही नाही. निर्णयाचा अधिकार आपल्याकडे आणि निर्णयाचा दोष खालच्याकडे अशी वाटणी जिथे असते, तिथे शहाणा माणूस हात राखूनच काम करणार.

पण त्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं नाव तिसरंच निघालं.

‘शेवटी काम कोणी केलं’ या रकान्यात ‘मी’ किंवा ‘इतरांनी वाटून’ असं जिथे जिथे होतं, तिथली निम्मी कामं मुळात एकाच माणसाची होती. उशिरा येणं, जेवणानंतर गायब होणं, ‘सिस्टीम चालत नाही’ हे कायमचं उत्तर. तो पोरांपैकी नव्हता. साहेबांच्याच वयाचा, त्यांच्याच बरोबर नोकरीला लागलेला, एकेकाळी डबा एकत्र खाणारा मित्र होता.

मी ते नाव मोठ्याने वाचलं. ते म्हणाले, “त्याचं वेगळं आहे.”

“वेगळं कसं?”

“त्याला कसं बोलणार, मॅडम? आम्ही बरोबरीचे. मी प्रमुख झालो, तो राहिला. त्याला अजून टोचतं ते.”

इथे आम्ही दोन भेटी अडकलो होतो, आणि मला विचाराल तर खरं काम तिथेच झालं. ‘हल्लीचे लोक’ ही तक्रार माणसं करतात तेव्हा बऱ्याचदा तिच्यामागे एका ठरावीक माणसाशी न झालेलं बोलणं असतं. ते बोलणं अवघड असतं. त्यात मैत्री असते, अपराधीपणा असतो, भांडणाची भीती असते. पिढीवर राग काढायला काहीच लागत नाही, पिढी उलटून बोलत नाही. आणि न झालेल्या त्या बोलण्याची किंमत बाकीचे आठ जण भरतात. काम न करताही इथे निभतं, हे त्या पोरांनी कोणाकडे बघून ठरवलं असेल? हा प्रश्न मी विचारला तेव्हा ते माझ्यावर बरेच रागावले. पुढच्या भेटीला मात्र वेळेआधी आले.

मग आम्ही काय बोलायचं त्याची तालीम केली. पहिल्या वेळी ते म्हणाले, “हे बघ, तुला जरा सिरियस व्हायला हवं.” हे निरुपयोगी. सिरियस म्हणजे काय ते प्रत्येकाचं आपापलं असतं, आणि स्वभावावर बोट ठेवलं की समोरचा स्वभावाचीच वकिली करायला लागतो. बऱ्याच खाडाखोडीनंतर जे ठरलं ते साधारण असं: “या तिमाहीत चार मोठी खाती तुझ्याकडे होती. तिघांना स्मरणपत्रच गेलं नाही. ते काम मी दुसऱ्यांकडून करून घेतलं, आणि तुला बोललो नाही. पुढच्या महिन्यापासून तसं करून घेणार नाही. तुझी अडचण काय आहे ते मला ऐकायचंय.” यात काय झालं ते आहे, पुढे काय होणार ते आहे, आणि समोरच्याला बोलायला जागा आहे. टोमणा नाही. ‘आपण असे नव्हतो’ तर अजिबात नाही.

बोलणं वाईट झालं. “तू साहेब झालास, आता बोलणारच,” असं म्हणून मित्र उठून गेला. चार दिवस दोघांत अबोला. मग एका संध्याकाळी तो आपणहून आला आणि म्हणाला, की नवीन सॉफ्टवेअर आलं त्यातलं अर्धं त्याला कधी समजलंच नाही. प्रशिक्षणाच्या दिवशी मान डोलावली होती. नंतर पंचवीस वर्षांच्या पोराला विचारायची लाज वाटली. ‘सिस्टीम चालत नाही’चा खरा अर्थ हा होता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ग्राहकाची सवलत रोखणारा तो मुलगाच मित्राला आता शिकवतो, स्मरणपत्रं जातात, पण उशिरा येणं चालूच आहे आणि त्याबद्दल लेखी समज द्यावी लागली. काही माणसं अडचण दूर झाल्यावरही अंग चोरतात. तिथे समजून घेण्याने काही होत नाही, नियम लावावा लागतो, आणि तो मित्रालाही लावावा लागतो.

त्या मुलाशी बोलणं त्या मानाने सोपं जाईल असं वाटलं होतं. अमुक रकमेपर्यंतचे निर्णय तुझे, ते मी सर्वांसमोर फिरवणार नाही, पटले नाहीत तर आधी तुझ्याशी बोलेन, असं साहेबांनी सांगितलं. त्यावर मुलगा म्हणाला, “सर, हे ईमेलवर द्याल का?” साहेब त्या दिवशी माझ्याकडे धुमसत आले. इतका अविश्वास? मी म्हटलं, मागच्या वेळी त्याचा विश्वास ज्याने मोडला त्याच्याकडूनच तो आता लेखी मागतोय, यात उद्धटपणा कुठे आहे? त्यांनी ईमेल पाठवला. काही दिवसांनी मुलाने एका ग्राहकाला हप्ते बांधून दिले, न विचारता. साहेबांना ते हप्ते जरा सैल वाटले होते, पण ते गप्प बसले. गप्प बसायला किती कष्ट पडले, हे त्यांनी मला सविस्तर सांगितलं.

ग्रुपवरचे संदेश थांबले. आता काम सांगताना एक नाव आणि एक तारीख असते. पहाटेची जाग पूर्ण गेली नाही, पण जाग आल्यावर ते पुन्हा झोपतात.

राहिली सहा वाजताची रिकामी खुर्ची. ती प्रामुख्याने एका मुलीची होती. वहीप्रमाणे तिचं एकही काम रखडलेलं नव्हतं. हे दाखवल्यावर म्हणाले, “काम होतं हो, पण वृत्ती दिसते ना!” मग आम्ही त्यांच्या स्वतःच्या उशिरापर्यंत बसण्याकडे वळलो. त्यांनी कंपनीला संध्याकाळी दिल्या, कंपनीने त्यांना कायमची नोकरी आणि पायरी-पायरीने बढती दिली. कुठेही न लिहिलेला, पण दोघांनी पाळलेला व्यवहार. कामाच्या ठिकाणच्या वागण्याच्या अभ्यासक डेनिस रूसो यांनी 1989 मध्ये अशा अलिखित अपेक्षांना ‘मानसशास्त्रीय करार’ म्हणून मांडलं. त्या मुलीची नेमणूक दर वर्षी नव्याने होते. कंपनीने तिच्याशी तो जुना व्यवहार केलेलाच नाही, मग तिने एकटीने तो का पाळावा? यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, की मुलांच्या लहानपणातल्या संध्याकाळी त्यांना फारशा आठवत नाहीत. तो विषय मोठा आहे, त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

मागच्या भेटीत त्यांनी तिच्या वार्षिक मूल्यमापनाबद्दल सांगितलं. ‘बांधिलकी’ या रकान्यात त्यांनी आधी पाचपैकी दोन लिहिले होते. ते खोडून चार केले.

“पाच का नाहीत?” मी विचारलं.

“पाच मला अजून जमत नाही,” ते म्हणाले.