एकाने विचारलंय: मेकॅनिकल बी.ई. आहे, एसीच्या साइटवर काम करतोय. साइट सोडून टेबलावर यायचंय. आखातात सीनियर मेकॅनिकल क्यूएस (क्वांटिटी सर्व्हेयर, कामाची मापं आणि पैशांचा हिशोब बघणारा) व्हायला कोणता कोर्स करू?

कोर्सचं नंतर बघू. ‘साइट सोडून टेबलावर’ हे वाचलं आणि डोकं फिरलं.

दोह्यात एका टॉवरचा फायनल अकाउंट, म्हणजे शेवटचा हिशोब, चालला होता. करार रिमेजरमेंटचा, म्हणजे झालेलं काम मोजून पैसे; फिडिकचा छापील बांधकाम करार, १९९९ चं रेड बुक. जीआय डक्टचा, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या जस्ती पत्र्याच्या नळाचा, रेट चौरस मीटरवर. कन्सल्टंटचा क्यूएस स्क्रीनवर माऊस फिरवून माप घेणारा, आणि त्याच्या ड्रॉइंगवर डक्ट सरळसोट. प्रत्यक्षात मध्ये बीम. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर डक्ट खाली उतरवून, चपटा करून, पलीकडे पुन्हा वर घेतलेला. ६०० बाय ३०० मिलिमीटरला मीटरमागे १.८ चौरस मीटर पत्रा लागतो. तोच ९०० बाय २०० केला की २.२. हवा जायची जागा तेवढीच, पत्रा मात्र जास्त, इन्सुलेशनही जास्त. वर दोन्हीकडची ट्रान्झिशन, म्हणजे आकार बदलणारे जोडतुकडे, वेगळीच.

आमचे, म्हणजे कंत्राटदाराचे, कमर्शियल मॅनेजर चार्टर्ड, मूळचे सिव्हिलचे. म्हणाले, “सोडून द्या हो, डक्ट म्हणजे डक्ट.”

मी फोरमनला घेऊन शिडीवर चढलो. ॲक्सेस पॅनेल उघडून टेप लावला, टेपसकट फोटो काढले आणि कन्सल्टंटच्याच मंजुरीचा शिक्का असलेली शॉप ड्रॉइंग्ज (प्रत्यक्ष बसवायची तपशीलवार ड्रॉइंग्ज) सोबत जोडली. रेड बुकच्या क्लॉज १२.२ मध्ये स्वच्छ लिहिलंय की कायमस्वरूपी कामाचं प्रत्यक्ष निव्वळ माप धरायचं. “कोऑर्डिनेशनची रिस्क तुमची,” म्हणजे डक्ट-बीमचा मेळ तुम्हीच घालायचा, असं कन्सल्टंटचा क्यूएस म्हणाला. असेल, पण म्हणून लागलेला पत्रा कमी होतो का? दोन-तीन बैठका तापल्या. शेवटी बीमखालचं माप मान्य झालं, ट्रान्झिशनवर थोडं सोडावं लागलं. पुढच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब त्याला ‘आपली मेथडॉलॉजी’ म्हणत होते!

तर कोर्स. आरआयसीएसची (सर्व्हेयरांची ब्रिटिश संस्था) मेंबरशिप असली की सीव्ही वर जातो, नाकारत नाही. पण व्हॉल्यूम डॅम्पर (हवा कमी-जास्त करणारी झडप) आणि फायर डॅम्पर (आग पसरू न देणारी) हातात घेऊन ज्याला ओळखता येत नाही, त्याने रेट ॲनालिसिसला बसू नये. एक्सेल पक्कं करा. १९९९ च्या रेड बुकचं २०.१ पाठ करा, क्लेमची नोटीस २८ दिवसांत गेली नाही तर हक्क गेला. आणि जमेल तितकं साइटवरच राहा, सबकॉनची (पोटकंत्राटदाराची) बिलं तिथे बसूनच तपासा. शिकायचं ते तिथेच आहे.

हां, लमसम (ठरलेल्या एकरकमी किमतीचा) करार असेल तर माझी ही शिडी कामाची नाही. तिथे बीओक्यूतल्या (कामाच्या परिमाणांच्या यादीतल्या) आकड्यांना फारसा अर्थ नसतो, भांडण फक्त व्हेरिएशनवर, म्हणजे नंतर झालेल्या बदलांवर. बिल्डिंगची बरीच कामं तशीच असतात, हेही खरं.

पण कुणी सिव्हिलवाला ‘एमईपीला (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) काय, लमसम टाका’ म्हणाला तर त्याला एवढंच विचारा, चिल्ड वॉटर (एसीचं थंड पाणी) पाइपच्या रेटमध्ये फ्लँज, गॅस्केट, नटबोल्ट धरलेत की वेगळे? आमच्या साहेबांकडून याचं उत्तर अजून यायचंय.