डिपस्टिकवर ऑइल वाढलंय, तर दाट ऑइल हा उपाय नाही

तुम्ही लिहिलंय की गाडी बीएस६ डिझेल आहे, रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही पुण्याच्या ट्रॅफिकमधून. अकरा महिन्यांत ४,५०० किलोमीटर झाले, डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर, ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसतंय. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, "आपल्या उन्हाला १५डब्ल्यू-४० टाका, आणि १०,००० होईपर्यंत बघूच नका." १५डब्ल्यू-४० हा दाट ऑइलचा ग्रेड. माझं स्पष्ट मत: ऑइल याच आठवड्यात बदला, आणि १५डब्ल्यू-४० टाकू नका.

ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल उतरलेलं असतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा डीपीएफ, म्हणजे धुराचा फिल्टर, काजळी अडवून ठेवतो. ती जाळायला तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, म्हणून बहुतेक गाड्यांत इंजिन काही वेळ जादा डिझेल उशिरा फवारतं. हायवेवर हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. तुम्ही मात्र पाच किलोमीटरवर गाडी बंद करता, काजळी अर्धवट जळते, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळतं.

माझ्या गाडीत हेच झालं होतं. वडिलांच्या आजारपणात वर्षभर गाडी फक्त घर ते दवाखाना चालली. एक दिवस डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. दोन बोटांत चोळलं तर चिकटपणाच नाही, आणि वास सरळ डिझेलचा. वर्कशॉपमध्ये म्हणाले, मागच्या वेळी जास्त भरलं गेलं असेल. पण त्या सर्व्हिसनंतर मी स्वतः बघितलं होतं, बरोबर खुणेवर होतं. शेवटी समोर उभं राहून ऑइल काढायला लावलं आणि मोजलं. भरलं होतं पाच लिटर, निघालं साडेपाचच्या वर.

असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बोला नीट सांभाळत नाही. पातळी फार चढली तर क्रँक त्यात घुसळते, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. म्हणून थांबू नका म्हणतोय.

आता उन्हाचं. नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरची पहाट, थर्मोस्टॅट इंजिनचं पाणी ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणावरून ठरतो आणि तो कंपनीने इंजिन बनवतानाच निवडलेला असतो. पहिला आकडा थंडपणी ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो. तुमची तर जवळजवळ प्रत्येक फेरी थंड इंजिनाचीच आहे, तुम्हाला ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यूचा फायदा इतरांपेक्षा जास्त.

ग्रेडपेक्षाही महत्त्वाची ओळ कॅनच्या मागे बारीक अक्षरात असते. मॅन्युअलमध्ये एसीईए (ऑइलचं युरोपीय मानक) सी२ किंवा सी३ लिहिलं असेल तर तेच हवं. काजळी जळते, पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये कायमची साचते. सी३ मध्ये ही राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते. जुन्या जीप-ट्रकसाठीच्या १५डब्ल्यू-४० मध्ये ती बहुधा त्याहून जास्त असते. मेकॅनिक काका वाईट सांगत नाहीत, त्यांचा हात बीएस३ च्या जुन्या गाड्यांवर बसलाय.

ऑइल काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलमध्ये ते शे-दोनशे किलोमीटरमध्येच काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

किती दिवसांनी बदलायचं? मॅन्युअलमध्ये नेहमीच्या तक्त्यानंतर खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, तो कुणी उघडत नाही. छोट्या फेऱ्या, धूळ, रांगतं ट्रॅफिक हे सगळं त्यात येतं. तुमच्या वापराला मी सहा महिने धरेन, किलोमीटर कितीही होवोत. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचं वॉशर दर वेळी नवं. बिल जपून ठेवा, वॉरंटीला लागतं.

आणि आठवड्यातून एकदा साताऱ्याच्या रस्त्याने खेड-शिवापूरपर्यंत जाऊन या, इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास ठेवून. डीपीएफचा दिवा लागलेला असेल तर तो विझेपर्यंत गाडी बंद करू नका.

नवं ऑइल भरलं की सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पातळी बघा, तारीख आणि किलोमीटरसकट फोटो काढा. हायवेच्या फेऱ्या मारूनही दोनेक हजार किलोमीटरमध्ये पुन्हा चढली, तर इंजेक्टर गळतोय का ते तपासून घ्या.