एकदा बसून बोलले असते तर?

लेखनशंका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांत एकच दुखणं निरनिराळ्या तोंडांनी आलंय. गोष्टीतला पेच गैरसमजावर किंवा लपवाछपवीवर उभा आहे, आणि वाचणारा मधेच म्हणतो, 'अहो, पण यांनी बोलायचं ना एकमेकांशी!' त्यातले काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : हौशी संस्थेसाठी दोन अंकी नाटक लिहिलंय. थोरल्या भावाने वडिलोपार्जित जमिनीवर कर्ज काढलंय आणि ते बहिणीपासून लपवलंय. शेवटच्या प्रवेशात तिला कळतं आणि नातं तुटतं. वाचनाला बसलेले सगळे म्हणाले, पहिल्याच प्रवेशात सांगून टाकलं असतं तर नाटकच झालं नसतं. पेच बदलू का? (सांगली)

उत्तर : बदलायच्या आधी तपासून बघा. नाटकात नसलेला एक प्रवेश लिहा. पहिल्या अंकाच्या पाचव्या-सहाव्या पानावर घरात दोघंच आहेत आणि भाऊ सगळं सांगून टाकतो. दोन-अडीच पानं पुरे, एका बैठकीत लिहा. हा प्रवेश नाटकात घालायचा नाही. फक्त बहीण काय म्हणते ते बघायचं. 'अरे दादा, आधी नाही का सांगायचंस, बघू काहीतरी,' म्हणून ती चहा टाकायला उठली, तर वाचनाला बसलेल्यांचं बरोबर आहे. पण तिने 'मग माझ्या हिश्शाचं काय?' असं विचारलं, तर नाटक तिथून सुरू होतं. लपवणं ही नुसती वरची साल होती.

तुमच्या विषयात हा प्रश्न येणारच. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. उद्या कर्ज फेडायला जमिनीचा तुकडा काढायचा म्हटलं, तर तिची सही लागेल, नाहीतर हक्कसोडपत्र. म्हणजे भावाने तोंड उघडलं की सही मागावी लागणार, आणि सही मागितली की वाट्याचा विषय निघणार. तो गप्प का, याचं हे कारण झालं. तुमच्या संहितेत तो 'तिला त्रास नको' म्हणून गप्प आहे. ते तो स्वतःला सांगत असेल, पण प्रेक्षकांना खरं कारण दिसायला हवं.

दुसरं भोक कागदपत्रांचं आहे. बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा म्हणून चढतं, आणि सातबारा आता गट नंबर टाकून मोबाइलवर कुणालाही बघता येतो. बहीण पुण्यात बसून दोन मिनिटांत बघू शकते. शिवाय सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे ते ठरवा. दोघांची नावं असतील, तर बँक तिच्या संमतीशिवाय सहसा सगळी जमीन तारण घेणार नाही, आणि तुमचा भाऊ खोटी सही करणारा ठरेल. ते निराळंच नाटक झालं. एकट्या भावाचं नाव असेल, तर वारसनोंदीच्या वेळी बहिणीचं का लागलं नाही, हा प्रश्न कर्जापेक्षा मोठा आहे.

यातून दोन वाटा निघतात. एक म्हणजे कर्ज खाजगी सावकाराचं दाखवा. साध्या कागदावरच्या विसारपावतीवर पैसे उचलले, तर सातबाऱ्यावर काहीच उमटत नाही. दुसरी म्हणजे बोजा उमटू द्या आणि बहिणीने तो नाटक सुरू होण्याआधीच पाहिलेला असू द्या. मग ती का बोलत नाही? कारण त्याच वर्षी तिच्या मुलीची फी भावाने भरली होती, आणि पैसे कुठून आले असतील याचा तिला अंदाज आहे. आता गप्प राहणारी दोन माणसं झाली आणि दोघांकडे कारण आहे. पहिल्या अंकात जेवताना ती सहज विचारते, 'दादा, सोसायटीचं भरलंस का रे यंदाचं?' आणि तो म्हणतो, 'आमटी वाढ थोडी.' आम्ही असतो तर हीच वाट धरली असती.

प्रश्न : माझ्या कथेत नायकाचा महत्त्वाचा निरोप नायिकेला पोचतच नाही. मोबाइल बंद पडतो. कथा 'पटत नाही' म्हणून परत आली. जुन्या साहित्यात पत्रं हरवायची ती बरी चालायची! (ठाणे)

उत्तर : चालायची, पण कशी ते बघा. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ज्युलिएट मेलेली नाही, हे सांगणारं पत्र रोमिओला मिळत नाही. पत्र नेणारा साधू सोबतीला दुसऱ्या साधूला घ्यायला जातो. तो रोग्यांची विचारपूस करत असतो. प्लेगच्या संशयावरून ते घरच मोहोरबंद होतं आणि दोघं आत अडकतात. पत्र व्हेरोना सोडतच नाही, आणि लागणीच्या भीतीने ते परत न्यायलाही कुणी तयार होत नाही. बंद घरं तेव्हाच्या प्रेक्षकांच्या ओळखीची होती. शिवाय हा अपघात अगदी शेवटी येतो. घराण्यांचं वैर, चोरून केलेलं लग्न, तडीपारी हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं. अपघाताने पेच सुरू केला तर चालतं, आवळला तरी चालतं. सबंध पेच त्याच्याच जिवावर तोलला की वाचक हात झटकतो.

तेव्हा बॅटरी, रेंज, पाण्यात पडलेला फोन हे सगळं विसरा. आज निरोप पोचतो. पोचल्यावर काय होतं, ते लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला, तरी डिलीट केल्याची खूण मागे राहते. काय होतं ते कळत नाही, काहीतरी होतं एवढं कळतं. हरवलेल्या पत्रापेक्षा हे जास्त छळणारं आहे. तसंच निळ्या टिकांचं. तुमच्या नायिकेने त्या बंद ठेवल्यात असं समजा, म्हणजे तिने वाचलं की नाही हे नायकाला दिसत नाही. पण टिका बंद केल्या तरी व्हॉइस मेसेज ऐकल्याची निळी खूण समोरच्याला दिसते, आणि ग्रुपमध्येही कुणी वाचलं ते दिसतं. हे तिच्या लक्षात नाही. नायक चार मेसेज लिहितो, काही नाही. मग तो वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवतो आणि माइकचं चिन्ह निळं होतं. तिने ऐकलंय आणि उत्तर दिलेलं नाही. आता कथेत योगायोग उरला नाही. ती का गप्प आहे, एवढंच उरलं. त्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल, तर कथा अजून झालेली नाही.

प्रश्न : तुम्ही लोक योगायोगांना नावं ठेवता, पण 'शाकुंतल' तर शापावर आणि हरवलेल्या अंगठीवर चालतं. कालिदासाला माफ आणि आम्हाला नाही? (नागपूर)

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि उत्तर थोडं लांब जाईल.

महाभारतातल्या शकुंतलेच्या आख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तिथला दुष्यंत तिला ओळखतो आणि भर सभेत ओळखत नाही म्हणून सांगतो. आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो की मला माहीत होतं, नुसत्या तिच्या शब्दावर मुलाला स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता. तिथला पेच खोटेपणाचा आहे. कालिदासाला नायक असा नको होता, म्हणून त्याने राजाला तिचा विसर पाडणारा दुर्वासाचा शाप आणला. त्याची किंमतही त्याला मोजावी लागली. शाप आणला म्हणून अंगठी आली, अंगठी हरवायला तीर्थ आलं, सापडायला मासा आणि कोळी आले. सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा तो कोळ्याचा प्रवेश झकास आहे, हे खरं. पण एक योगायोग घेतला की त्याच्यामागे किती घ्यावे लागतात, याचा हिशेब तिथे मिळतो.

तुमच्या कामाची जागा मात्र चौथ्या अंकात आहे. शाप शकुंतलेने ऐकलेलाच नाही, कारण ती दुष्यंताच्या विचारात हरवलेली आहे. ऐकलाय अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनी. प्रियंवदाच दुर्वासाच्या मागे धावत जाते आणि ओळखीचा दागिना दिसला की शाप संपेल, एवढी सूट मिळवते. मग दोघी ठरवतात की शकुंतला हळवी आहे, तिला सांगायचं नाही. प्रियंवदा म्हणते, नवमालिकेवर कढत पाणी कोण शिंपडेल? गप्प राहण्याचं कारण एका वाक्यात आलं आणि ते प्रेमातून आलं. निघताना त्या एवढंच सांगतात की राजाला ओळख पटायला वेळ लागला, तर ही अंगठी दाखव. शकुंतला दचकते. त्या म्हणतात, घाबरू नकोस, माया वाईटच चिंतते. सत्य ओठांवर येतं आणि परत जातं. ती अंगठी का जपायची, हे शकुंतलेला माहीत असतं तर शचीतीर्थावर पाण्याला हात जोडताना तिने ती मुठीत धरली असती.

म्हणजे 'सांगितलं असतं तर टळलं असतं' हा आक्षेप 'शाकुंतल'लाही लागतो. तरी तो घ्यावासा वाटत नाही, कारण त्या दोघींच्या जागी आपणही गप्प बसलो असतो. शापाची नक्कल करू नका. ही जागा चार वेळा वाचा.

प्रश्न : मालिकेच्या लेखक-चमूत नवीन आहे. सूनबाई दाराआडून अर्धंच वाक्य ऐकते आणि तीन आठवडे रुसते, असं कथानक मिळालंय. नाही म्हणता येत नाही. काय करू? (मुंबई)

उत्तर : नाही म्हणू नका, तीन आठवड्यांतला माल बदला. आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी वीस-बावीस मिनिटं, म्हणजे अठरा भाग झाले. एवढा वेळ एका अर्धवट वाक्यावर काढणं म्हणजे प्रेक्षकाने रिमोट शोधायची वाट बघणं.

पहिली दुरुस्ती म्हणजे तिने वाक्य पूर्ण ऐकू दे. 'तिला काही सांगू नका, ती सहन नाही करायची,' हे पूर्णच वाक्य आहे. ऐकलंही बरोबर आहे. ते सासऱ्यांच्या आजारपणाबद्दल आहे, तिला ते स्वतःच्या नवऱ्याबद्दल वाटतं. दुसरी आणि महत्त्वाची दुरुस्ती अशी की गैरसमज पाचव्या-सहाव्या भागात मिटवून टाका, पण तोवर तिच्या हातून परत न घेता येणारं काहीतरी होऊन जाऊ द्या. नोकरीचा राजीनामा पाठवलाय. दागिने गहाण टाकून भावाला पैसे दिलेत. माहेरच्यांसमोर नवऱ्याबद्दल एक वाक्य बोलून गेलीय. उरलेले बारा भाग त्या कृतीवर चालतील आणि वाहिनीचं कथानकही कागदावर तेच राहील.

प्रश्न : विनोदी एकांकिकेलाही हेच नियम? (कोल्हापूर)

उत्तर : नाहीत. तिथे गैरसमज हाच माल आहे. प्रेक्षकाला खरं काय ते आधीच माहीत असलं की झालं. फक्त देवलांच्या 'संशयकल्लोळ'मधल्या फाल्गुनरावाकडे बघा. त्याला माहिती कमी पडत नाही, त्याचा स्वभावच संशयी आहे. खुलासा केला तर तो खुलाशाचाही संशय घेईल. अशा माणसाला 'बोलून का नाही टाकलंस' असं कुणी विचारत नाही.

प्रश्न : कादंबरीतलं गुपित मध्यावरच फोडलं, तर पुढे काय उरणार अशी भीती वाटते. (पणजी)

उत्तर : कर्णाला त्याचा जन्म युद्धाआधी कळतो. उद्योगपर्वात आधी कृष्ण सांगतो, मग गंगेकाठी कुंती सांगते. गुपित फुटलं म्हणून युद्ध टळत नाही, कर्णाला आणखी कठीण होतं. अधिरथ-राधेने वाढवलंय, दुर्योधनाचं मीठ खाल्लंय. अर्जुन सोडून बाकीच्यांना मारणार नाही, तुला पाच मुलगे राहतील, एवढं तो कुंतीला देतो. आणि कृष्णाला म्हणतो, युधिष्ठिराला सांगू नकोस. त्याला कळलं तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देईन. म्हणजे एक गुपित फुटलं आणि तिथेच दुसरं तयार झालं, तेही पूर्ण विचारांती. पांडवांना कळतं ते युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देताना.

तेव्हा मध्यावर फोडा. फोडायच्या आधी कागदावर लिहा की हे कळल्यावर कुणाला नवीन काय लपवावं लागेल. एकही नाव सुचलं नाही, तर गुपितच किरकोळ आहे, शेवटी फोडूनही फुसकंच निघेल.

प्रश्न : नवरा-बायको अखेर मोकळेपणाने बोलतात तो प्रसंग लिहिला, तर तो समुपदेशन केंद्रातला वाटतो. (नाशिक)

उत्तर : 'मला तुझ्याशी काही बोलायचंय' हे वाक्य काढा, निम्मं काम होईल. आपल्याकडे खरं बोलणं बहुधा तिसऱ्याच्या तोंडावर टाकून होतं. 'सांगा तुमच्या मुलाला,' असं सासूला, किंवा 'बाबांना विचार, आज तरी जेवणार आहेत का,' असं पोराला. दोघांच्या हाताला काम द्या, गवारीच्या शेंगा मोडणं, गादीची खोळ चढवणं, जिथे उठून जाता येत नाही असं. पहिलं खरं वाक्य मूळ सत्यापेक्षा लहान ठेवा. पन्नास हजार गेले असतील तर आधी दहा कबूल होतात. समोरच्याने ते शांतपणे घेतलं, तरच पुढचं येतं. आणि दोघांपैकी एकाने एक गोष्ट तरीही सांगू नये. ती कुठली, हे तुम्हाला माहीत हवं. वाचकाला अंदाज आला तरी पुरे.