ऊस आणि चिखलासाठी पहिला ट्रॅक्टर

भावा, नुसता एचपी बघून ट्रॅक्टर घेऊ नकोस. आधी सरी मोज. चार-साडेचार फुटी सरीत भरणी (उसाच्या बुडाला माती लावणं) करायची असेल तर दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर तीन फुटांच्या आत पाहिजे, नाहीतर उसाचे फुटवे (बुडातून निघालेले नवे कोंब) मोडतात.

रान कोल्हापूरच्या गगनबावड्याकडं, भाताचं असेल तर फोर व्हीलच (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारा) घे. वजन वाढवायला मागच्या टायरात पाणी भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेव; पाणी तिथवर आलं की ७५ टक्के झालं, थांब. वर हवा राहिलीच पाहिजे. चिखलणीला केजव्हील (लोखंडी जाळीचं चाक) लाव.

डांबरीवर मात्र फोर व्हील बंद कर. पुढची चाकं थोडी जादा फिरतात, त्यानं टायर झिजतात, गिअरवर ताण येतो. आणि एक चाक जागेवर फिरायला लागलं तर क्लच दाबून चाक थांबव, मगच डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारा) लाव. वळायच्या आधी तो सोड.