‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ : बेशुद्ध पडलेल्या माणसाविषयी

पोळ्याच्या करीच्या रात्री आपले चुलतभाऊ मोहाची दारू पिऊन ओसरीवर निपचित पडले, घरच्यांनी डोक्यावर पाणी ओतून लिंबू पाजले, "झोपू द्या, सकाळी उतरेल" म्हणून पांघरूण घातले आणि ते सकाळी उठलेही. तेव्हा जे केले ते योग्य होते का, असे आपण विचारले आहे. ते वाचले हे नशीब, केलेले मात्र चुकीचे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील एका आरोग्य केंद्रात औषधनिर्माता म्हणून बरीच वर्षे काढल्यामुळे हे स्पष्ट लिहितो.

शेवटचा ग्लास संपला तरी पोटातली दारू रक्तात उतरतच राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची नशा कमी होण्याऐवजी तास-दोन तास वाढूही शकते. यकृत तासाला साधारण एका पेगाइतकीच दारू निपटते. लिंबू, ताक, कॉफी यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. मेंदू दबला की श्वास मंदावतो आणि घशाची राखण सुटते, म्हणून उताणा पडलेल्या माणसाची उलटी थेट फुप्फुसात जाते. दिवसभर उपाशी असेल तर साखर घसरते, आणि पावसाळी रात्री ओतलेले थंड पाणी अंगातली उरलीसुरली ऊब घालवते. चिमटा काढूनही जाग न येणे, मिनिटाला आठहून कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांहून अधिक खंड, निळसर ओठ, झटके, यांतले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवावे, तोंडात काहीही घालू नये आणि एकटे सोडू नये.

आपल्याकडची खरी अडचण निराळीच आहे. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, आमच्या चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बंदी होती. पोलिसांच्या आणि भाऊबंदांच्या धाकाने नातेवाईक "जेवण बाधलं" असे सांगत, आणि त्या एका खोट्यापायी उपचाराची दिशाच चुकत असे. डॉक्टरांना किती, केव्हा आणि कोणती प्याली हे खरे सांगावे, उरलेली बाटली सोबत न्यावी. मोहाच्या दारूपेक्षा जास्त भीती मिथेनॉल (कारखान्यात वापरले जाणारे विषारी स्पिरिट) मिसळलेल्या दारूची असते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष बहुधा बारा ते चोवीस तासांनी उघड होते : नजर धूसर होते, पोट दुखते, धाप लागते. म्हणजे सकाळी उठून चहा प्यालेला माणूसही सुटलेला नसतो. नजर अंधुक झाल्याचे तो सांगू लागला, तर डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी पोहोचणे आवश्यक असते.

भाऊ रोज पीत असून आता "उद्यापासून एकदम बंद" म्हणत आहेत, असेही आपण लिहिले आहे. निश्चय चांगला आहे, परंतु रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडण्याआधी त्यांना जिल्हा रुग्णालयात दाखवावे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ निःशुल्क आहे.