अमेरिकेतल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश कसा होतो? तो आपल्या हायकोर्टाच्या न्यायाधीशासारखाच असतो का?

दर्जाने साधारण तसाच, पण दोन बाबतींत गणित फार वेगळं आहे. राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात त्या कोर्टाचा शब्द अखेरचा. मुद्दा केंद्रीय कायद्याचा किंवा केंद्रीय राज्यघटनेचा असेल, तरच वॉशिंग्टनचं, म्हणजे देशाचं, सुप्रीम कोर्ट त्यात लक्ष घालतं. आणि खुर्ची टिकवायला बहुतेक राज्यांत लोकांची मतं लागतात. आपल्याकडे एकदा कायम झालं की 62 व्या वर्षापर्यंत ती काळजी नाही.

प्रत्येक राज्याची रीत निराळी, म्हणून कॅलिफोर्निया घेतो. तिथे सात न्यायाधीश. पात्रता म्हणजे 10 वर्षं राज्याच्या बारचं, म्हणजे वकिलांच्या संघटनेचं, सदस्यत्व किंवा तेवढाच काळ न्यायाधीशपद. आधी खालच्या कोर्टात बसलेलंच हवं असं नाही. गव्हर्नर नाव सुचवतो. बारचा मूल्यांकन आयोग त्या माणसाला ओळखणाऱ्या वकील-न्यायाधीशांकडून गोपनीय अभिप्राय मागवतो आणि 90 दिवसांत शेरा देतो. मग मुख्य न्यायाधीश, अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) आणि अपील कोर्टाचे एक ज्येष्ठ न्यायाधीश अशा तिघांपुढे जाहीर सुनावणी होते. तिथे मंजुरी मिळाली की शपथ.

यानंतर गव्हर्नरपदाची जी पुढची निवडणूक येईल, तिच्या मतपत्रिकेवर यांचं नाव येतं. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त 'हो' किंवा 'नाही'. मुदत 12 वर्षांची, हे सगळे सांगतात. पण मधेच आलेल्याला पहिल्यांदा मिळते ती आधीच्या न्यायाधीशाची उरलेली मुदत. ती लवकर संपली की पुन्हा लोकांपुढे.

रोझ बर्ड यांचं असंच झालं. 1977 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्यांना थेट मुख्य न्यायाधीश नेमलं. त्या कोर्टातल्या त्या पहिल्या महिला, आणि आधी कधी न्यायाधीश नव्हत्या. 1978 ला जेमतेम तरल्या. 1986 ला मात्र फाशीच्या शिक्षा रद्द करण्यावरून मोठा प्रचार झाला आणि त्या क्रूझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन यांच्यासह हरल्या. तिथे फाशीचं प्रत्येक अपील आपोआप थेट याच कोर्टात येतं, त्यामुळे हा विषय न्यायाधीशाला टाळताच येत नाही.

रोजचं काम बहुतेक चेंबरमधलं. बुधवारच्या बैठकीत दाखल अर्ज बघायचे. सातपैकी चार मतं पडली तरच प्रकरण घेतलं जातं, बाकीचे बहुसंख्य तिथेच निकाली. खरी गंमत पुढे आहे. प्रकरण निकालासाठी राखल्यापासून 90 दिवसांत निकाल दिला नाही, तर न्यायाधीशाला पगार घेता येत नाही, आणि असं काही थकलेलं नाही हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. साहजिकच कोर्ट लेखन आधीच उरकतं. ज्याच्याकडे प्रकरण, तो निकालाचा जवळजवळ पूर्ण मसुदा आधी फिरवतो, बाकीचे सहा आपली मतं कळवतात, आणि बहुमत दिसू लागलं की मगच तोंडी युक्तिवादाची तारीख लागते. नवख्या वकिलांना वाटतं, अर्ध्या तासात बाजी पलटवू. फार क्वचित पलटते. तेव्हा सगळा जीव ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, ओतावा.

टेक्सासमध्ये न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर लढतो, मुदत 6 वर्षं. निवडणूक म्हटली की पैसा आला. वेस्ट व्हर्जिनियात एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला निवडून आणायला सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले, आणि पुढे त्याच कंपनीच्या अपिलात तो न्यायाधीश बाजूला व्हायला तयार नव्हता. 2009 मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं की त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं.

जाता जाता: न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे खटले चालवणारं कोर्ट आहे, तिथलं सर्वोच्च म्हणजे 'कोर्ट ऑफ अपील्स'. कुणाचा बायोडेटा वाचताना राज्य आधी बघा.